नर्मदाकाठच्या डोंगरांत

वडोदऱ्याहून डभोईच्या वाटेने नर्मदेकडे निघाले म्हणजे प्रथम काळ्या मातीचा सपाट मुलूख लागतो. कापूस व तूर यांची शेते दूरवर पसरलेली असतात, आणि त्यांच्यामध्ये अधूनमधून अशी एखादी वस्ती दिसते की जिची घरे एका ओळीत व एका मापाची बांधलेली आहेत. या पुनर्वसनाच्या वसाहती होत. सरदार सरोवराच्या पाण्याखाली ज्यांची गावे गेली, ते भिल्ल, तडवी व पावरा लोक येथे येऊन राहिले आहेत. शेजाऱ्यांशी ते गुजराती बोलतात, घरात आपली बोली बोलतात. वसाहतीत सडक आहे, वीज आहे, शाळाही जवळ आहे. परंतु म्हातारी माणसे ज्या डोंगरांची नावे घेतात, ते डोंगर त्या सपाटीवरून दिसत नाहीत. ते पाहावेत, या हेतूने आम्ही पुढे निघालो.

धरण केवडियाला आहे. त्या गावास आता एकतानगर म्हणतात. ५ एप्रिल १९६१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते येथे कोनशिला बसविण्यात आली, १७ सप्टेंबर २०१७ रोजी धरणाचे लोकार्पण झाले आणि २०१९ च्या पावसाळ्यात जलाशय प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरला. मुख्य कालवा ४५८ किलोमीटर धावत राजस्थानच्या सीमेस भिडतो. कच्छ व सौराष्ट्रातील ज्या मायबहिणींनी आयुष्यभर कोसकोस पाणी वाहिले, त्यांच्या दारी हे पाणी गेले आहे. त्याचे मोल कमी लेखण्याचा आमचा विचार नाही. विजेचेही तीन वाटे ठरले: मध्य प्रदेशास शेकडा ५७, महाराष्ट्रास २७ आणि गुजरातेस १६. वाटे इतके काटेकोर ठरले. पण ज्यांनी आपले गाव दिले, त्यांचा वाटा ठरविणे मात्र फार अवघड गेले. ते का, हे कळण्यास डोंगरांतच जावे लागते.

नेत्रंग, डेडियापाडा, सागबारा अशी वाट तुडवीत महाराष्ट्रात शिरले, की नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा येते. तेथून मोलगीकडे सातपुड्याचा घाट चढू लागतो. मोलगीच्या बाजारात आमचूर व भगर यांची मोठी उलाढाल होते. उन्हाळ्यात घरोघरी कैऱ्या चिरून अंगणात वाळत घालतात आणि त्यावर मिठामिरचीचा खर्च निघतो. मोलगीपलीकडे मात्र वाट अरुंद होते, आणि शेवटी जेथे ती पाण्यात उतरते तेथे होडीवाचून इलाज नसतो.

जलाशय दिसावयास अतिशय रम्य आहे. संथ निळे पाणी, त्यात बुडालेले डोंगर आणि वर उरलेली शिखरे. काठच्या एका पाड्यावर आम्हांस एक वृद्ध बाबा भेटले. त्यांनी काठी पुढे करून पाण्यातील एकेक जागा दाखविली: येथे ज्वारी होत असे, येथे मोहाची झाडे होती, येथे गावदेव होता. आम्हांस तेथे केवळ पाणी दिसत होते. त्यांना अजून बांध दिसत होते.

अक्कलकुवा व अक्राणी या दोन तालुक्यांतील ३३ गावे बुडीत क्षेत्रात आली. मणिबेली हे त्यांतील धरणाच्या बाजूचे पहिले गाव. नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ साली निवाडा दिला. ज्या खातेदाराची पाव हिश्शाहून अधिक जमीन जाईल, त्यास किमान दोन हेक्टर ओलिताची जमीन द्यावी, असे त्यात ठरले. निवाडा उदार होता. पण त्यात एक शब्द होता, खातेदार. डोंगरांतील पुष्कळ कुटुंबे पिढ्यान् पिढ्या जी जमीन कसत होती, ती कागदोपत्री वनखात्याची होती. ज्या शेतात आजोबा राबले, वडील राबले, त्याच शेतात नातू अतिक्रमणधारक ठरला. गुजरात सरकारने १९८७ साली अशा लोकांसही दोन हेक्टर देण्याचे धोरण स्वीकारले, हे नमूद केले पाहिजे. परंतु तिन्ही राज्यांत एकच न्याय लागला नाही. आपल्या घरी पेटीच्या तळाशी जमिनीचा उतारा जपून ठेवलेला असतो. तो नसता, तर आपल्या शेताविषयी आपण काय सांगू शकलो असतो, याचा विचार वाचकांनी करून पाहावा.

संसदेने २००६ साली वनहक्क कायदा केला, आणि वनवासी जनतेवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे त्याच्या प्रस्तावनेतच मान्य केले. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेली वनजमीन, चार हेक्टरपर्यंत, आदिवासी कुटुंबाच्या नावे होऊ शकते. दावा ग्रामसभेपुढे मांडावयाचा असतो. आणि पुराव्यांत, दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्यांनी दिलेले व लिहून घेतलेले कथनही चालते. ज्या लोकांनी कधी काही लिहून ठेवले नाही, त्यांच्या स्मरणास कायद्याने प्रथमच कागदाचा मान दिला.

एवढे असूनही डोंगरांतील मनुष्य निश्चिंत का नाही? याचे उत्तर आम्हांस दिवाळीनंतर ओस पडणाऱ्या पाड्यांत मिळाले. बुडीताबाहेर उरलेली उतारावरची शेती घरास वर्षभर पुरत नाही. मुकादम पावसाळ्यातच उचल देऊन ठेवतो. ती फेडण्यासाठी नवराबायको पोरांसह दक्षिण गुजरातेतील साखर कारखान्यांच्या उसावर जातात. नवराबायकोच्या अशा जोडीस तेथे ‘कोयता’ म्हणतात. माणसाचे नाव जाते आणि हत्याराचे नाव उरते. मुलांची शाळा अर्ध्यावर सुटते. कुटुंबे परततात ती उन्हाळ्यात, तोवर नवी उचल घेण्याची वेळ जवळ आलेली असते.

आता कायदा काय सांगतो ते पाहावे. वनहक्काच्या ग्रामसभेस निदान निम्मे सभासद हजर असावे लागतात. जागेची पाहणी होते तेव्हा दावेदाराने शेताच्या बांधावर उभे राहून आपली हद्द दाखवावयाची असते. जो सहा महिने परमुलखी पाचटाच्या झोपडीत राहतो, त्याने बांधावर उभे कसे राहावे? उपाशी पोटाने हक्क सोडला असे कोणी लिहीत नाही. परंतु घडते ते तसेच.

म्हणून आम्हांस वाटते की, या प्रदेशात जमिनीचा हक्क आणि गावातील रोजगार या दोन गोष्टी वेगळ्या काढता येणार नाहीत. हिवाळ्यात गावातच काम मिळेल, तर ग्रामसभा भरेल, मुले शाळेत राहतील, आणि वडीलधाऱ्यांचे शब्द वेळेवर लिहून घेतले जातील. सडक, वीज व शाळा अवश्य याव्यात. पण त्या उपभोगण्यास माणसे घरी असावीत. काठीने पाण्यातील शेते दाखविणारे बाबा आता थोडेच उरले आहेत. त्यांच्यापैकी एकेक जण जातो, तेव्हा डोंगरावरील कुणाच्या तरी शेताचा साक्षीदार जात असतो. हे काम पुढच्या हंगामावर टाकण्यासारखे नव्हे.