आजीचा पंखा

मे महिन्याच्या सुट्टीत लोट्याला घरी गेलो, तर आजी भर दुपारी पंखा बंद करून घामाघूम बसलेली. म्हणे, "उन्हात मीटर तापतं नि जोरात पळतं रे!" पश्चिमेच्या भिंतीवरच्या मीटरचा डिस्प्ले खरंच काळा पडला होता. घरातलं बाकी सगळं बंद करून १०० वॅटचा बल्ब लावला. आमच्या मीटरवर ३२०० पल्स म्हणजे १ युनिट. म्हणजे १५ मिनिटांत ८० पल्स हवेत. लाल दिव्याची उघडझाप मोजली. दुपारी ७९, रात्री ८०! उन्हाने काळा पडतो तो डिस्प्लेतला द्रवस्फटिक, हिशोब नव्हे. गार झाल्यावर आकडे परत दिसतात. मात्र सततच्या उष्णतेने आतले कपॅसिटर लवकर म्हातारे होतात, म्हणून वर पत्र्याचं छोटं छप्पर ठोकलं. आजीने पंखा लावला. इंजिनिअरिंगचा हा एक पेपर तरी सुटला!