डन्जन, ड्रॅगन आणि घटोत्कच

माझा पहिला जादूगार जेमतेम वीस मिनिटं जगला.

त्याचं काय झालं, २०२४च्या जानेवारीत मी कंपनीच्या प्रोजेक्टसाठी अमेरिकेत, मिलवॉकीला होतो. बाहेर उणे पंधरा. वीकेण्डला करायचं काय, तर लॉन्ड्री आणि मॅगी. अशात टीममधल्या एका टेस्टरनं विचारलं, ‘शुक्रवारी आमच्याकडे डी अँड डी खेळायला येतोस?’ डी अँड डी म्हणजे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’, एवढं ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ पाहिलेल्या कुणालाही माहीत असतं. टेबलाभोवती पाच-सहा जण बसतात. एक जण डन्जन मास्टर, म्हणजे सूत्रधार. तो गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात आणि अडलं की वीस बाजूंचा फासा टाकतात. बस्स. ना स्क्रीन, ना चार्जर.

मी झालो जादूगार. जवळ मंत्र एकच, झोपेचा. पहिल्याच खोलीत उंदीर निघाले. मोठे होते, पण उंदीरच. मी मंत्र टाकला, उंदीर आडवे. जाम भारी वाटलं! दुसऱ्या खोलीत राक्षस. मी म्हटलं, ‘पुन्हा तोच मंत्र.’ सूत्रधार थंडपणे म्हणाला, ‘तो तू विसरलास.’

विसरलो? आत्ता तर म्हटला होता!

पण आमचा सूत्रधार जुन्या नियमांचा कट्टर भक्त. त्याच्याकडचं पुस्तक १९७९चं, पानं पिवळी, बाइंडिंग सुटलेलं. त्या नियमांत जादूगारानं सकाळी मंत्र पाठ करायचा, तो एकदा म्हटला की डोक्यातून पुसला जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा घोका. माझ्या जादूगाराला दुसरा दिवस बघायला मिळालाच नाही.

‘हा मूर्खपणा कुणाच्या डोक्यातला?’ मी चिडून विचारलं. उत्तरादाखल त्यानं एक पातळसं पेपरबॅक हातात ठेवलं. जॅक व्हान्सचं ‘द डायिंग अर्थ’, १९५०चं. सूर्य विझत आलेला, पृथ्वी म्हातारी झालेली आणि उरलेसुरले जादूगार मोजके मंत्र कसेबसे डोक्यात कोंबून हिंडताहेत. मंत्र वापरला की गेला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली हा खेळ बाजारात आणला, तेव्हा व्हान्सची ही कल्पना चक्क नियम म्हणून उचलली. आजच्या आवृत्तीत तो नियम बराच सैल झालाय, पण सांगाडा तोच. आणि ‘स्ट्रेंजर थिंग्ज’मधला तो भयानक वेक्ना आठवतोय? ते नाव मुळात या खेळातलं. व्हान्सच्या नावातली इंग्रजी अक्षरं उलटसुलट करून बघा.

पुस्तक रात्रीत संपवलं आणि अंथरुणात ताडकन उठून बसलो. हे तर मला माहीत होतं! इंद्रानं कर्णाला दिलेली शक्ती एकदाच वापरता येणार होती. अर्जुनासाठी राखून ठेवलेली, आणि खर्च झाली घटोत्कचावर. वर परशुरामाचा शाप, ऐन वेळी अस्त्राचा मंत्रच आठवणार नाही. व्हान्सनं महाभारतातून घेतलं असं मी अजिबात म्हणत नाही. पण उंदरांवर मंत्र उधळून राक्षसासमोर उभं राहिल्यावर कर्णाचं काय झालं असेल ते मला पहिल्यांदा कळलं. पुढच्या शुक्रवारी ही गोष्ट सांगितली, तर अख्खं टेबल पिझ्झा विसरून ऐकत बसलं.

सगळ्यांना वाटतं, हा खेळ म्हणजे टोल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची कॉपी. एल्फ, ड्वार्फ, ऑर्क आहेतच की. सुरुवातीला तर चक्क हॉबिटही होते. मग हक्क असलेल्यांची कायदेशीर नोटीस आली आणि हॉबिटचे झाले ‘हाफलिंग’, एंट या चालत्या-बोलत्या झाडांचे झाले ‘ट्रीएंट’. पण गायगॅक्स टोल्किनचं ऋण मोठं मानायला कधी फारसा राजी नव्हता. त्याचा जीव रॉबर्ट हॉवर्डच्या कोनानवर आणि फ्रिट्झ लायबरच्या दोन मित्रांवर. एक दांडगा रानटी, दुसरा चिमुकला चोर. शहरात शिरायचं, खजिना मारायचा, सगळा दारूत उडवायचा आणि पुन्हा कडके. खरं सांगा, डी अँड डी खेळणारी टोळी जगाला वाचवणाऱ्या फ्रोडोसारखी वागते की या दोघांसारखी? आमची तरी नक्कीच दुसऱ्या जातीची होती.

मिलवॉकीपासून लेक जिनिव्हा तासाभरावर. गायगॅक्सचं गाव. एका रविवारी सगळे गेलो. तळं गोठलेलं, दुकानं अर्धी बंद. पहिल्या आवृत्तीच्या फक्त हजार प्रती निघाल्या होत्या, खोकी घरच्या घरी हातानं भरलेली. परत येताना गाडीत मी त्या १९७९च्या पुस्तकाचं परिशिष्ट वाचत होतो. गायगॅक्सनं त्यात आपल्याला सुचवणाऱ्या लेखकांची यादी दिलीय. पण यादीच्या आधी तो वेगळ्याच माणसाचं नाव घेतो. वडिलांचं. लहानपणी ते तासन् तास मनच्या गोष्टी रचून सांगायचे, सगळं तिथून आलं, म्हणतो.

मी पुस्तक मिटलं.

माझे बाबाही सांगायचे. साताऱ्याला लोडशेडिंगच्या रात्री, गच्चीवर. त्यांचा हीरो घटोत्कच. यवतेश्वरच्या घाटात शेवटची एसटी बंद पडायची, घटोत्कच ती ढकलत वर न्यायचा आणि कंडक्टर त्याच्याकडेच तिकीट मागायचा. घटोत्कचाकडे सुट्टे नसायचे. मग टपावरच्या पेटाऱ्यातून कुणीतरी त्याला नावानं हाक मारायचं...

आता आमचे फोन दोन मिनिटांचे. आधी फोन आई घ्यायची आणि शेवटी बाबांकडे द्यायची. ती गेल्यावर तो थेट बाबांकडे आला आणि बोलायचं काय हे दोघांनाही कळेना. जेवलास का, थंडी किती, ठेवतो.

मार्चमध्ये सूत्रधार आजारी पडला. त्याच्या जागी मी बसलो. पोटात गोळा. तयारी काहीच नव्हती, म्हणून बर्फातल्या घाटात एक घोडागाडी अडकवली. एक राक्षस ती ढकलायला लागला. गाडीवानानं भाडं मागितलं, राक्षसाकडे सुट्टे नव्हते. टेबल खिदळत होतं. मग टपावरच्या पेटाऱ्यातून हाक आली आणि सगळे एकदम गप्प.

‘पेटाऱ्यात काय आहे?’

मी म्हटलं, ‘पुढच्या शुक्रवारी.’

घरी पोचलो तेव्हा रात्रीचे बारा, म्हणजे साताऱ्यात सकाळचे साडेअकरा. बाबांना फोन लावला.

‘काय रे, बरा आहेस ना?’

‘बाबा, त्या पेटाऱ्यात कोण होतं?’

‘कसला पेटारा?’

‘एसटीच्या टपावरचा. घटोत्कच.’

पलीकडे बराच वेळ शांतता. मग ते हसले. कित्येक महिन्यांनी.

‘अरे, मला तरी कुठे माहीत होतं? हाक येईपर्यंत तू रोज झोपलेला असायचास. पुढचं कधी रचायची वेळच आली नाही. का रे?’

मी त्यांना शुक्रवार सांगितला, घोडागाडी सांगितली, गप्प झालेलं टेबल सांगितलं.

‘मग ती पोरं काय म्हणतात? कोण असेल?’

‘एक म्हणतो, राक्षसाचा हरवलेला भाऊ.’

‘छे छे! भाऊ कशाला असेल? थांब, फोन ठेवू नकोस. गॅसवर चहा आहे, बंद करून आलो.’