अडीच वॅटचं काम

मामाजींचा लॅपटॉप २००९ सालचा. मामाजी म्हणजे माझे सासरे. जिल्हा परिषदेच्या शाळांत नोकरी करताना मौदा तालुक्यात कोदामेंढी, अरोली, खात, चाचेर अशा बदल्या होत गेल्या आणि तिथले खडी गंमतवाले, दंडारवाले लोककलावंत त्यांच्या ओळखीचे झाले. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, रात्रभर कार्यक्रम चालतात. मामाजी समोरच बसणार, हातात बटनांचा मोबाइल, रेकॉर्डिंग सुरू. घरी आले की शाहिरांची माहिती, गाण्यांचे शब्द, कोण कोणाचा चेला, सगळं लॅपटॉपवर टाइप करून ठेवत.

एक दिवस स्क्रीन काळीच राहिली. नागपूरला बर्डीवरच्या एका दुकानात दाखवला. मदरबोर्ड गेला, नवाच घ्या, असं उत्तर मिळालं. फायलींचं विचारलं तर ‘गॅरंटी नाही जी.’ लॅपटॉप पिशवीत गेला, पिशवी कपाटावर गेली. मी या घरात सून म्हणून आले तेव्हाही ती तिथेच होती.

मदरबोर्ड गेला म्हणून हार्ड डिस्क जात नाही. माणसं हे दोन्ही एकच समजतात आणि भंगारवाल्याला सगळं वजनावर देऊन टाकतात. मी मामाजींना तसं सांगितलं.

‘निंगन का वो बाई त्यातून काही?’

‘पाहू ना जी.’

बॅटरी काढली, मागच्या झाकणाचे स्क्रू सोडले, डिस्क बाजूला सरकवून ओढली. तळहाताएवढी, अडीच इंची. तिच्या तोंडाकडे आधी बघायचं असतं. दोन रांगांत बारीक टोकदार पिना दिसल्या तर ती जुन्या आयडीई पद्धतीची. ही साटा होती : दोन चपट्या पट्ट्या, एक सात संपर्कांची डेटासाठी, दुसरी पंधरांची विजेसाठी. साटातून यूएसबीत नेणारा अ‍ॅडाप्टर काहीशे रुपयांत मिळतो. मोठ्या संगणकातल्या साडेतीन इंची डिस्कला बारा व्होल्ट लागतात, म्हणून तिच्यासोबत वेगळा पॉवर प्लग असलेला अ‍ॅडाप्टर घ्यावा लागतो. लॅपटॉपच्या डिस्कला पाच व्होल्ट पुरतात आणि तेवढे यूएसबीतून येतात.

येतात, पण मोजून. माझ्या संगणकाला लावली तर डिस्क घरघरली, थांबली, पुन्हा घरघरली. मला ती आवाजावरून संपलेली वाटेना. टकटक, टकटक असा ठोका ऐकू आला असता तर मी तिथेच थांबले असते. तो आतल्या वाचणाऱ्या टोकाचा बिघाड, आणि मग घरी हात लावू नये. इथे भूक विजेची होती. जुना यूएसबी पोर्ट पाच व्होल्टला जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर देतो, म्हणजे अडीच वॅट. डिस्क फिरायला लागताना त्याहून जास्त मागते. आमच्या मौद्याच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता २,३२० मेगावॅट, आणि आमचं घोडं अडलं अडीच वॅटवर! मामाजी यावर पोटभर हसले. निळ्या पोर्टला, म्हणजे यूएसबी ३ ला, ९०० मिलिअँपिअर मिळतात. तिथे लावल्यावर डिस्क एका सुरात फिरली.

पडद्यावर लगेच प्रश्न : ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची का? अशा वेळी ‘नाही’ म्हणायचं, आणि त्या डिस्कवर काहीही लिहायचं नाही. मी संगणक पेन ड्राइव्हवरच्या उबुंटूने सुरू केला आणि डीडीरेस्क्यू लावलं. हा मोफत प्रोग्राम फायलींकडे बघतच नाही. तो अख्ख्या डिस्कची प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर उतरवतो. सहज वाचता येणारा भाग आधी, अडकणारा भाग शेवटी, आणि कुठवर आलो याची नोंद ठेवतो. म्हणजे मधेच लाइट गेली तरी तिथून पुढे चालू. नंतरची सगळी शोधाशोध त्या प्रतिमेवर केली.

फोल्डर दिसले, नावं दिसली. मामाजी खुर्ची ओढून बसले. ‘कोदामेंढीवाली फाइल खोल आधी.’

खोलली. आत नुसती इंग्रजी अक्षरं, एकाला एक लागून, अर्थ काही नाही. त्यांचा चेहरा उतरला. दोष डिस्कचा नव्हता, मामाजींनी टाइप केलं होतं कृतिदेव फॉन्टमध्ये. टाइपरायटरवर शिकलेला हात, त्यांना तोच सोपा. कृतिदेवमध्ये मराठी अक्षर साठवलंच जात नाही. साठवलं जातं रोमन अक्षर, आणि फॉन्ट त्याला देवनागरीचं रूप चढवतो. ‘मौदा’ हा शब्द डिस्कवर ई, के, एस, एन, के असा पडून होता. फॉन्ट नसला की सगळी मेहनत बहुरूप्याने रंग पुसल्यासारखी.

मात्र आम्ही अख्खी डिस्क उतरवली होती. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये कृतिदेव जसाच्या तसा सापडला. तो माझ्या संगणकात टाकला आणि पान मराठी झालं. नुसती कागदपत्रं उचलून आणली असती, तर फॉन्ट बाहेर शोधत बसावं लागलं असतं.

युनिकोडमध्ये बदलणं हे खरं किचकट काम निघालं. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर. कन्व्हर्टर त्यांची जागा बदलताना जोडाक्षरांत हमखास गोंधळतो. शाहिरांची नावं, झाडीबोलीतले शब्द, कोणताही स्पेलचेक त्यांना ओळखत नाही. ते मामाजींनीच तपासले, लाल पेनने, छापील कागदावर, मास्तरकीच्या सवयीने. मोबाइलवरून लॅपटॉपवर उतरवून ठेवलेली एएमआर रेकॉर्डिंगं व्हीएलसीत वाजली. ढोलकी आणि तुणतुणं स्वच्छ, गाणाऱ्याचा आवाज मागे. काही मात्र खराब सेक्टरांत गेली. त्यातल्या एका शाहिराच्या मुलाला मामाजींनी त्याच संध्याकाळी फोन लावला आणि येत्या मंडईत तीच गाणी पुन्हा गायला सांगितली.

सगळ्याच्या आता दोन प्रती आहेत, एक आमच्याकडे, एक नणंदेकडे भंडाऱ्याला. मामाजींना मी युनिकोडचा कीबोर्डही लावून दिला. त्यांनी दोन ओळी टाइप केल्या, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘मी आपला कृतिदेवमधीच लिहितो. तू बदलवत जा.’ तेव्हापासून रविवारची दुपार वेलांट्या जागेवर बसवण्यात जाते.