वारा इथला, लाट कुठली?

खारे वारे आणि मतलई वारे शिकवताना आपण सगळेच फळ्यावर एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला जमीन काढतो. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे बाण, रात्री जमिनीकडून समुद्राकडे बाण. मुलं पाठ करतात, पेपरात बरोबर लिहितात. आमची शाळा समुद्रापासून जवळजवळ तीनशे किलोमीटर आत आहे. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी समुद्र टीव्हीवरच पाहिलाय. त्यामुळे त्यांच्यासाठी ते बाण नुसते बाणच राहतात.

यंदा मी हा धडा पॅसिफिक महासागराच्या एका किनाऱ्यावरून शिकवला. माझा मावसभाऊ सॅन फ्रान्सिस्कोत राहतो आणि फळीवर उभं राहून लाटांवर घसरतो, म्हणजे सर्फिंग करतो. शहराच्या पश्चिम टोकाला ओशन बीच नावाचा साडेपाच किलोमीटर लांब, सरळ वाळूचा किनारा आहे. दादाने तिथला ऑक्टोबरमधल्या सकाळचा व्हिडिओ पाठवला होता. हवा अगदी पडलेली, आणि समोर पुरुषभर उंचीच्या लाटा फुटतायत. मुलांनी तो दोनदा पाहिला. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, वाराच नाही तर लाटा कोण करतंय?"

या एका प्रश्नावर आमचे पुढचे चार तास गेले.

उत्तरासाठी शेततळ्यावर गेलो. मध्यभागी दगड टाकला. दगड तळाला गेला, तरी तरंग काठाकडे येतच होते. तिथेही असंच होतं. वादळ होतं अलास्काच्या बाजूला, उत्तर पॅसिफिकमध्ये. तिथल्या वाऱ्याने पाणी घुसळलं, लाटा उठल्या, आणि वादळ मागे राहिलं तरी लाटा पुढे निघाल्या. अशा दूरवरून आलेल्या संथ, लांब लाटांना सर्फर 'स्वेल' म्हणतात. दोन लाटांमध्ये १६ सेकंदांचं अंतर असेल, तर त्यांचा तांडा खोल समुद्रात ताशी सुमारे ४५ किलोमीटर वेगाने येतो. मग ३००० किलोमीटर यायला किती वेळ? मुलांनी भागाकार केला : जवळजवळ ६७ तास, म्हणजे पावणेतीन दिवस. शुक्रवारी फुटणारी लाट मंगळवारी निघालेली असते! १९६३ साली वॉल्टर मंक या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तर दक्षिणेकडच्या वादळांच्या लाटांचा न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत माग काढला होता.

मग किनाऱ्यावरच्या वाऱ्याचं काम काय? तो लाट घडवत नाही, पण तिचा आकार ठरवतो. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असला की तो येणाऱ्या लाटेला समोरून रोखून धरतो. लाट उभी राहते, उशिरा आणि स्वच्छ फुटते. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की तोच तिला मागून ढकलून विस्कटून टाकतो. म्हणून सर्फर पहाटे उठतात. आपल्या फळ्यावरचे दोन बाण त्यांच्या तर रोजच्या कामाचे.

वर्षाचा तक्ताही केला. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा तिथला उत्तम काळ : वारा मंद, बरेचदा जमिनीकडून, आणि उत्तरेचे पहिले स्वेल सुरू झालेले. डिसेंबर ते फेब्रुवारी लाटा सर्वात मोठ्या, सोबत पावसाळी वादळं. मार्च ते जून वायव्येचा वारा जोरात. तो पृष्ठभागाचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतो आणि खालून गार पाणी वर येतं, १०-१२ अंशांपर्यंत. जुलै-ऑगस्टमध्ये त्या गार पाण्यावर धुकं, आणि दक्षिण गोलार्धातल्या हिवाळी वादळांचे छोटे स्वेल. ऐन उन्हाळ्यात स्वेटर घालणारं शहर ऐकून मुलं हसली, पण कारण त्यांनीच सांगितलं.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. ओशन बीचचा तळ खडकाचा नाही, वाळूचा आहे. पाण्याखाली वाळूचे दांडे असतात. लाट उथळ पाण्यात आली की तळाशी तिचा वेग कमी होतो, वरचं पाणी पुढे कोसळतं. धावताना पाय अडकल्यावर आपण पडतो ना, तसंच. लाटांनी किनाऱ्याकडे लोटलेलं पाणी परत जायला वाट शोधतं, आणि ती वाट दोन दांड्यांच्या मधल्या खोलगट जागेत सापडते. तिथे पाणी खोल, म्हणून लाट फुटत नाही. बघणाऱ्याला वाटतं, ही जागा शांत आहे, इथेच उतरू. पण तिथेच पाणी माणसाला आत ओढतं. याला रिप करंट म्हणतात. हे दांडे लाटांबरोबर सरकतात, त्यामुळे कालची सुरक्षित जागा आज सुरक्षित असेलच असं नाही.

आमची सहल दर हिवाळ्यात कोकणात जाते. हिंदी महासागराच्या दक्षिणेकडच्या वादळांचे स्वेल आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही येतात. केरळचे मच्छीमार त्याला 'कल्लक्कडल' म्हणतात, आणि हैदराबादची इन्कॉइस ही संस्था अशा लाटांचे इशारे देते. म्हणजे आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला तरी समुद्र शांत असेलच असं नाही. "पाण्यात जाऊ नका" असं आपण ओरडून सांगतो, पण ज्याने समुद्र कधी पाहिलाच नाही, त्याला भीती नेमकी कशाची बाळगायची ते कुठे कळतं?

म्हणून सहलीआधी वर्गात तीन गोष्टी पक्क्या केल्या. किनाऱ्यावर पोचल्यावर आधी दहा मिनिटं नुसतं उभं राहून बघायचं. दहा लाटांना लागलेला वेळ मोजून दहाने भागायचं. लाटांच्या रांगेत जिथे शांत फट दिसेल, तिथे पाऊल टाकायचं नाही. आणि कधी पाण्याने ओढलंच, तर किनाऱ्याकडे झुंजत यायचं नाही. तरंगत राहायचं, हात वर करून मदत मागायची, जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहून ओढीबाहेर यायचं.

पालकांच्या सभेतही हेच सांगितलं. एका आजोबांनी विचारलं, "आमच्या पोराला पोहता येतं, त्यालाही हे लागू का?" त्यांच्या नातवानेच उत्तर दिलं, "आबा, विहिरीतलं पाणी कुठे जात नाही. समुद्राचं जातं."