आमचीच बातमी आमच्याकडे

दुर्गदबैल हे नाव प्रथम कानी पडले तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे शिंगे उभी राहिली. आम्ही घरी कोकणी बोलणारे आणि शाळेत मराठी शिकविणारे. कानडीत बयलु म्हणजे मोकळे मैदान, हे उमगावयास काही दिवस लागले. आता हुबळीच्या त्या चौकात आठवड्यातून एकदा तरी फेरी झाल्यावाचून आम्हांस चैन पडत नाही. तिथे कापडवाल्याशी मराठीत, भाजीवालीशी कानडीत आणि मासे महागले म्हणून स्वतःशी कोकणीत बोलावे लागते.

गेल्या पावसाळ्यात शाळेच्या प्रदर्शनासाठी रंगीत कागद घ्यावयास आठवीच्या सात मुलांना घेऊन आम्ही तिथे गेलो होतो. खरेदी झाली, छत्र्या उघडल्या, मुले मोजली. ती सहाच भरली. छातीत धस्स झाले. समोरच्या कापडाच्या दुकानदाराला आम्ही विचारले, "आमचा एक मुलगा दिसला का? बसस्थानकाकडे तर गेला नसेल?" त्यांनी मान हलविली. त्यांच्या नोकराने ती गोष्ट कानडीत लिंबूवाल्याला सांगितली, लिंबूवाल्याने आणखी कोणाला. आम्ही मात्र मराठी दुकानांतून विचारीत फिरत होतो. वीस मिनिटांनी चौकाच्या पलीकडून एक फळवाली हात करीत आली आणि ठाम कानडीत म्हणाली की, मुलगा बसस्थानकाच्या बाजूला गेला!

आम्ही धावलो. बाजारात बसणारी माणसे सारे पाहतात, त्यांचे कानडी बोल आमच्या मराठी तर्कापेक्षा अधिक विश्वासाचे, असे आम्ही मानले. भर पावसात तासभर बसस्थानक पालथे घातले. मुलाच्या आईला काय सांगावे याची वाक्ये मनात जुळवीत परत आलो, तो पोरगा कागदांच्या गुंडाळ्या पोटाशी धरून कागदवाल्याच्या पायरीवर बसलेला. "सर, इथून हलू नकोस असं तुम्हीच सांगितलं होतं ना?" आम्ही खरोखरच सांगितले होते. तो खरेच संकटात असता तर तो एक तास कोणी परत दिला असता?

ही कथा आम्ही आमच्या एका माजी विद्यार्थ्याला सांगितली. तो बंगळूरला संगणकांची जाळी सांभाळतो. चौकातच उभे राहून गिरमिट खात होतो. तो हसून म्हणाला, "सर, तुमचा राउटिंग लूप झाला." कलाशाखेच्या माणसाला कळेल अशा रीतीने त्याने जे समजाविले, ते येथे सांगतो.

जाळ्यातील प्रत्येक नाक्यावर राउटर नावाचे यंत्र असते. कुठला मुक्काम कुठल्या वाटेने गाठावा, हे ही यंत्रे एकमेकांस सांगतात. पण सर्वांची भाषा एक नसते. रिप नावाची भाषा वाटेत किती नाके लागतात ते मोजते. तिची मजल १५ पर्यंत. १६ म्हणजे पोहोचणे अशक्य. ओएसपीएफ ही दुसरी भाषा प्रत्येक दुव्याला खर्चाचा आकडा देऊन त्यांची बेरीज करते. शेर आणि गज यांचा मेळ कसा घालावा? म्हणून वेशीवरचा राउटर एका भाषेतली वाट दुसरीत सांगताना जुने माप टाकून देतो आणि नेमून दिलेले नवे माप लावतो.

वेस एकच असली तर फारसे बिघडत नाही. परंतु एक बंद पडली तर अडचण नको म्हणून शहाणे लोक दोन वेशी ठेवतात, आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. रिपच्या मुलखातील एका मुक्कामाची वाट पहिली वेस ओएसपीएफमध्ये सांगते. तीच बातमी दुसऱ्या वेशीला दोन्हींकडून कळते. आता कोणावर विश्वास ठेवावा? सिस्को कंपनीच्या यंत्रांत रिपला १२० आणि ओएसपीएफला ११० हा अंक दिलेला असतो. अंक लहान तो अधिक विश्वासाचा. दुसरी वेस म्हणून ओएसपीएफचे ऐकते आणि तीच वाट पुन्हा रिपमध्ये सांगते, तीही लहानसे माप लावून. मधल्या राउटरांना ती जवळची वाटते. ते सामान दुसऱ्या वेशीकडे धाडतात, ती पहिलीकडे, पहिली पुन्हा मधल्यांकडे. प्रत्येक पुडक्यावर एक आकडा असतो, तो दर नाक्यावर एकाने घटतो आणि शून्य झाला की पुडके टाकून दिले जाते. तो नसता तर ते फिरतच राहिले असते.

आमची फळवाली ती हीच! तिने खोटे सांगितले नव्हते. आमची शंका भाषा बदलताना 'कदाचित' हा शब्द गमावून बसली, आणि साक्षीदाराच्या थाटात आमच्याचकडे परतली.

"मग उपाय?" आम्ही विचारले. त्याने मिरचीभजी मोडली. वेस ओलांडताना वाटेवर एक खूण लावावयाची. ही खूण असलेली वाट मूळ मुलखात परत सांगायची नाही, असा हुकूम दुसऱ्या वेशीला द्यावयाचा. किंवा बाहेरून आलेल्या बातमीचा विश्वास कमी धरावयाचा: ईआयजीआरपी या भाषेत घरच्या वाटेला ९० तर बाहेरच्या वाटेला १७० हा अंक मुळातच दिलेला आहे. देशोदेशींची जाळी जोडणाऱ्या बीजीपीत तर प्रत्येक जाळे वाटेच्या यादीत आपला क्रमांक लिहिते, आणि यादीत स्वतःचाच क्रमांक दिसला की ती वाट नाकारते. २५ एप्रिल १९९७ रोजी अमेरिकेत ७००७ क्रमांकाच्या जाळ्यातून हजारो वाटा बाहेर पडल्या, त्यांवरची मूळ यादी पुसलेली. जणू साऱ्या मुक्कामांचे घर तेच. जगभरचे सामान तिकडे धावले आणि इंटरनेटचा मोठा भाग काही तास विस्कळीत झाला.

हे ऐकून आम्हांस, खरे सांगावयाचे तर, थोडे बरे वाटले.

तेव्हापासून कोणी काही सांगितले की "तुम्हांस कोणी सांगितले?" असे आम्ही विचारतो. लोक रागावतात. परवा मोठा पाऊस होता. शिपाई वर्गात येऊन म्हणाला, "सर, उद्या सुट्टी आहे." मुलांनी बाके वाजविली. आम्ही विचारले, कोणी सांगितले? तो म्हणाला, कारकुनांनी. कारकुनांकडे गेलो. त्यांनी चष्मा वर केला. "सर, सकाळी तुम्हीच नाही का म्हणालात, असाच पाऊस राहिला तर उद्या सुट्टी द्यावी लागेल म्हणून?"

आम्ही वर्गात परतलो आणि मुलांना पुस्तके उघडावयास सांगितली.