पंखा बंद, पेपर आलेत

मार्च सरत आला की आमच्या घरातला पंखा बंद व्हायचा. बाहेर सोलापूरचा पारा चाळिशी गाठतोय आणि माझे वडील, अण्णा, पुढच्या खोलीत घामाघूम होऊन दहावीचे पेपर तपासत बसलेत. वाऱ्याने पानं उडू नयेत म्हणून गठ्ठ्यावर खलबत्त्यातला बत्ता. त्यामुळे तेवढे दिवस आई शेंगाचटणी शेजारच्या काकूंकडे जाऊन कुटून आणायची.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. दहावीची परीक्षा घेणारं महाराष्ट्राचं राज्य मंडळ १९६६ मध्ये स्थापन झालेलं, सोलापूर जिल्हा त्याच्या पुणे विभागात. परीक्षा झाली की उत्तरपत्रिका कुठून कुठे जातात, हे परीक्षा देणाऱ्याला ठाऊक नसायचं. आम्हाला दिसायचा तो फक्त पोस्टाने आलेला, कापडात शिवलेला, लाखेचं सील केलेला गठ्ठा. अण्णा आधी सील नीट आहे का पाहायचे, मग ब्लेडने टाके उसवायचे आणि बशीतल्या ओल्या स्पंजला बोट लावत मोजायला लागायचे. मोजणी संपेपर्यंत घरात कुणी बोलायचं नाही.

पेपर आल्याचं शेजारीपाजारी कळू द्यायचं नाही, हाही नियमच. मुखपृष्ठावर बैठक क्रमांक उघड दिसायचा, कुणी ओळख काढत आलं तर आई दारातूनच सांगायची, “हे गावाला गेलेत.” अण्णा आत सोलापुरी चादरीखाली गठ्ठा झाकून बसलेले. वर्षभर आम्हाला खरं बोलायला शिकवणारी आई हे एक खोटं बिनदिक्कत बोलायची.

एका वर्षी मोजणीत एक उत्तरपत्रिका कमी भरली. तपासलेले पेपर पुन्हा पाहणाऱ्या मॉडरेटरकडे दुसऱ्या दिवशी गठ्ठा द्यायचा होता. पलंगाखाली, कपाटामागे, रद्दीत सगळीकडे शोधलं. अण्णा जेवले नाहीत. रात्री उशिरा ती सापडली. एका मुलाने पाच-सहा पुरवण्या जोडल्या होत्या, त्यांच्या लोंबत्या दोऱ्यात शेजारची सडपातळ उत्तरपत्रिका अडकून आत सरकली होती. तिच्यात जेमतेम दोन पानं लिहिलेली. अण्णांनी ती कपाळाला लावली.

 

आता मीही दहावीचे पेपर तपासते. बैठक क्रमांक स्टिकरखाली झाकलेला असतो, ओळख उरते ती बारकोडची. तपासायचं शाळेतच, घरी न्यायचं नाही. परीक्षेच्या दिवशी प्रश्नपत्रिका पोहोचवणाऱ्या रनरच्या मोबाईलचं जीपीएसही चालू असतं. निकाल पटला नाही तर मुलाला आपल्याच उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते. अण्णांच्या काळी कुणाच्या ध्यानीमनी नसलेली ही सोय मला सगळ्यांत मोठी वाटते. माणसाच्या शब्दावर चालणारा कारभार गोड वाटतो खरा, पण ज्याचे गुण चुकले त्याला त्या गोडव्याचा काय उपयोग?

तरी यंत्र आलं म्हणजे घोर मिटला असंही नाही. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकावर तपासायला घेतल्या, तेव्हा निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि कुलगुरूंना पद गमवावं लागलं. २०२० च्या टाळेबंदीत दहावीचा भूगोलाचा पेपरच रद्द झाला. झालेल्या विषयांचे गठ्ठे जागोजागी अडकले, म्हणून शिक्षकांना ते घरी न्यायची मुभा मिळाली. त्या एप्रिलात कित्येक वर्षांनी आमच्या पुढच्या खोलीतला पंखा बंद झाला. माझ्या मुलाने विचारलं, “आई, एवढ्या उकाड्यात?” मी बत्ता शोधत होते. मिक्सर आल्यापासून तो माळ्यावर होता.

परवा शाळेत पेपर तपासून झाले. यादीशी आकडा जुळला. बरोबरची तरुण शिक्षिका म्हणाली, “मॅडम, जुळलं ना? मग परत कशाला मोजताय?”

मी बोट ओलं केलं, आणि जाड पुरवण्यांचा प्रत्येक दोरा उचलून आत पाहिलं.