रूळ कुणासाठी टाकले होते?

दिव्यात लोकल वीस मिनिटं लेट झाली की प्लॅटफॉर्मवर कुणीतरी हमखास म्हणतं, "यापेक्षा इंग्रज बरे होते." आजूबाजूचे हसतात, दोघंतिघं मानही डोलावतात. आणि ऑगस्ट उजाडला की इंग्रजांनी आपल्याला किती लाख कोटींना लुटलं, याचे आकडे व्हॉट्सॲपवर फिरायला लागतात. पुष्कळदा दोन्ही गोष्टी म्हणणारा माणूस एकच असतो. त्याला हसण्यात अर्थ नाही. दिव्यात राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न टाळताच येत नाही, कारण रेल्वे नसती तर आम्ही इथे राहायलाच आलो नसतो.

म्हणून आधी रेल्वेचंच बोलू. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले, म्हणजे आमच्या खाडीकाठावरून पुढे गेले. हे सगळ्यांना शाळेत शिकवलंय. जे शिकवलं नाही ते असं की ही रेल्वे टाकणारी जी.आय.पी. कंपनी लंडनच्या भागधारकांच्या पैशावर उभी होती आणि त्या पैशावर 5 टक्के व्याजाची हमी होती. धंद्यात कमी पडलं तर फरक हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरायचा, म्हणजे शेतसाऱ्यातून. जमीनही सरकारने फुकट द्यायची. आमच्या दिव्याच्या भाषेत सांगायचं तर बिल्डरचे फ्लॅट विकले गेले नाहीत तरी त्याचा नफा महापालिका भरणार! अशा बोलीवर काम करणारा खर्चात काटकसर कशाला करील?

भोर घाटाचं काम 1863 ला पुरं झालं. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये इथे आला आणि थोड्याच दिवसांत वारला. पुढे त्याची बायको ॲलिस हिने कंत्राट सांभाळून काम तडीस नेलं. बाई मोठी जिद्दीची, तिचं कौतुक व्हायलाच हवं. पण कॉलरा, ताप आणि सुरुंगात त्या घाटात हजारो मजूर मेले, त्यातल्या एकाचं तरी नाव आपल्याला सांगता येईल का?

आता नकाशा बघा. एक फाटा थळ घाटातून खानदेशात, तिथून वऱ्हाडात आणि 1867 ला नागपूरला. दुसरा भोर घाटातून पुण्याला आणि पुढे सोलापूरकडे. जिथे कापूस, तिथे रूळ. विदर्भातली शकुंतला रेल्वेसुद्धा कापसासाठीच. आणि 1876 ते 78 च्या दुष्काळात दख्खनची माणसं उपाशी मरत होती तेव्हा हिंदुस्थानातून गहू जहाजांवर चढतच होता. रेल्वेने धान्य दुष्काळी भागात नेताही येतं आणि बंदरावरही नेता येतं. ते कुठे जाणार हे रूळ ठरवत नाहीत, मालक ठरवतो.

मुंबईच्या गिरण्यांना माणसं मात्र कोकणाने पुरवली. माझे आजोबा त्यातलेच. कोकणात कापूस नव्हता, म्हणून रेल्वेही नव्हती. आजोबा आगबोटीने यायचे. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणजे घरी कुणी गेलं तरी पोचायची सोय नाही. 17 जुलै 1947 ला, स्वातंत्र्य महिन्यावर आलेलं असताना, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. आमच्या घरात अजूनही म्हातारी माणसं बोटीचा विषय निघाला की गप्प होतात.

इथवर सगळं इंग्रजांच्या नावावर टाकता येतं. पण कोकण रेल्वे पूर्ण झाली कधी? 1998 च्या जानेवारीत. 1947 ते 1998 ही 51 वर्षं कुणाच्या खात्यात टाकायची? मधु दंडवते, जॉर्ज फर्नांडिस, श्रीधरन नसते तर आणखी किती वर्षं गेली असती कोण जाणे.

आणि दुसरी बाजूही आहे. ती मांडली की माझे काही मित्र चिडतात, तरी मांडतो. आमच्या मजल्यावरचे एक निवृत्त काका दर 1 जानेवारीला भीमा कोरेगावला जातात. एकदा लुटीच्या आकड्यांवरून मी जरा जोरात बोलत होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमच्याकडून काय नेलं ते सांगितलंस. आमच्या पणजोबांकडे न्यायला होतंच काय? गावच्या विहिरीचं पाणीसुद्धा त्यांचं नव्हतं."

यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही, आणि आजही मला वाटतं की याला खोडून काढणारं उत्तर नाहीच. पेशवाई गेली म्हणून सुतक पाळायचं कारण सगळ्यांना नव्हतं. जोतीरावांनी 1873 साली 'गुलामगिरी' लिहिली, ती अमेरिकेत गुलामी नष्ट करणाऱ्यांना अर्पण केली. ते इंग्रजांचे भाट होते म्हणून नव्हे. याच जोतीरावांनी 1882 ला हंटर कमिशनपुढे सरकारला सुनावलं की सारा शेतकरी भरतो आणि शिक्षणावरचा पैसा वरच्या जातींच्या पोरांवर खर्च होतो.

इंग्रजांनी अस्पृश्यांसाठी काही मनापासून केलं, असं मानणंही भाबडेपणाचं आहे. 1856 मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला, तेव्हा मुंबई सरकारने वरच्या जातींना दुखवायचं टाळलं आणि त्या पोराला बाहेरच ठेवलं. ज्या महार शिपायांच्या जोरावर लढाया जिंकल्या, त्यांची सैन्यभरती 1890 च्या दशकात बंद करून टाकली. कामाचे होते तोवर घेतले, नंतर सोडले. पण दार एकदा किलकिलं झालं होतं, ते ढकलून उघडलं ते फुले-सावित्रीबाईंनी आणि बाबासाहेबांनी. काकांना मी हे बोललो तेव्हा ते म्हणाले, "बरोबर आहे. पण आधी तुम्ही ते किलकिलंसुद्धा होऊ दिलं नव्हतं." इथे 'तुम्ही' म्हणजे कोण, हे मला कळलं.

मला खरा राग येतो तो कायद्यांचा. 1897 मध्ये प्लेगसाठी साथरोग कायदा झाला. त्याच्या जोरावर घरात शिरून झडत्या झाल्या, स्टेशनांवर प्रवासी उतरवून तपासले गेले, पुण्यात रँडचा खून झाला, टिळक राजद्रोहाखाली तुरुंगात गेले. 2020 ला कोरोना आला तेव्हा आपल्या सरकारांनी हाच कायदा कपाटातून काढला. राजद्रोहाचं कलमही आपण सत्तर वर्षांहून जास्त जपून ठेवलं. भूसंपादनाचा 1894 चा कायदा बदलायला 2013 साल उजाडलं.

तो जुना कायदा काय चीज होती, हे ठाणे-रायगडच्या आगरी-कोळी माणसाला विचारा. उरण तालुक्यात चिरनेरला 25 सप्टेंबर 1930 ला जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला, सत्याग्रही मारले गेले. त्याच उरण तालुक्यात जानेवारी 1984 मध्ये सिडकोला दिलेल्या जमिनींचा रास्त मोबदला मागणाऱ्या, दि. बा. पाटलांच्या मागे उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण गेले. दुसऱ्या वेळी बंदूक धरणारे गोरे नव्हते. चिरनेरचा स्तंभ बघायला शाळेच्या सहली जातात. 1984 च्या हुतात्म्यांची नावं आमच्या दिव्यातल्या किती जणांना येतात?

म्हणून "इंग्रज बरे की वाईट" या भांडणात मला आता फारसा रस नाही. रूळ त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी टाकले, हे मान्य. पण ते रूळ आपल्या हातात येऊन आता पाऊणशेहून जास्त वर्षं झाली. ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाईन सुरू व्हायला फेब्रुवारी 2022 उजाडलं. त्याआधी 2 जानेवारी 2015 ला दिव्यात प्रवाशांचा उद्रेक झाला, जाळपोळ झाली. फास्ट लोकल दिव्याला थांबायला लागली ती 2016 च्या डिसेंबरात. आणि 9 जून 2025 च्या सकाळी मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेली माणसं गाडीतून पडली आणि जिवाला मुकली. रोज आपण ज्या दारात उभे राहतो, तसल्याच दारातून.

त्यानंतर रेल्वेने साध्या लोकलनाही आपोआप बंद होणारे दरवाजे बसवायचं जाहीर केलं. आपल्या सकाळच्या गाड्यांना ते कधी बसणार आणि दार बंद झाल्यावर आत मावायला जादा गाड्या कधी येणार, एवढंच विचारायचंय. ते विचारायला लंडनला पत्र धाडावं लागत नाही. डीआरएमचं ऑफिस सीएसएमटीला आहे, आपण रोज तिथपर्यंत जातोच.